लांब कूचसाठी दुहेरी थराचे मोजे
पाठीवर वजन घेऊन लष्करी बुटांत दिवसभर चालणाऱ्याच्या पायाला फोड येतात ते केवळ वरवर घासल्यामुळे नव्हे. ओलसर कातडी मोज्याला चिकटून राहते, आतले हाड पुढे-मागे सरकत राहते आणि या ओढाताणीत कातडीचे थर सुटून मधल्या पोकळीत पाणी भरते. दुहेरी मोज्यांत यातली बरीच ओढ दोन थरांमध्येच जिरते, आणि माझ्या मते त्यांचे खरे मोल तेच आहे. आतला पातळ कृत्रिम धाग्याचा थर घाम बाहेरच्या लोकरी थराकडे सोडतो, त्यामुळे सुती मोजे चिंब होऊन टाचेखाली गोळा होतात तेवढ्या चालीनंतरही हे बरेच कोरडे राहिले.

करंगळीपाशी शिवण मात्र जाड आहे, तेथे निघण्यापूर्वीच चिकटपट्टी लावावी. कातडीची एखादी जागा गरम वाटू लागताच थांबून ती झाकायची, हे नव्या सैनिकाला तोंडी परीक्षेत आवर्जून विचारावे असे ज्ञान आहे आणि हे मोजे त्याला पर्याय नाहीत. बुटाचे माप हेच मोजे घालून घ्यावे. ते वाळायला वेळ लागतो, म्हणून दुसरा जोड सोबत हवाच.