क्रोमाव्हर ३ पुडी: विहिरीला उत्तम, खाडीला अपुरी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीकडची विहीर असो की वाशिष्ठी नदीचं पात्र, पाण्यात नुसतं क्रोमियम किती हे कळून भागत नाही, ते कोणत्या रूपात आहे हेही कळावं लागतं. त्रिसंयुजी क्रोमियम बहुतांशी गाळाला धरून बसतं. षट्संयुजी, म्हणजे हेक्स क्रोम, पाण्यासोबत लांब जातं आणि कितीतरी जास्त विषारी असतं. हॅक कंपनीची क्रोमाव्हर ३ ही रसायनाची पुडी फक्त हेक्स क्रोम मोजते, आणि ते काम चोख करते.

१० मिली नमुन्यात एक पुडी टाका, हलवा, ५ मिनिटं थांबा. आतलं डायफिनाइलकार्बाझाइड जांभळट रंग देतं. तो रंगमापकावर ५४० नॅनोमीटर तरंगलांबीला मोजायचा. मोजमापाचा पल्ला लिटरला ०.०१ ते ०.७ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा ०.०५ आहे, म्हणजे पल्ल्याचं खालचं टोक तिच्या बरंच खाली आहे. कुपीच्या तळाला थोडी पूड न विरघळता राहिली तरी चालते.

जांभ्या दगडातलं लोह मात्र त्रास देतं: लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर गेलं की आकडा बिघडू शकतो. पावसाळ्यातलं गढूळ पाणी असेल तर कोऱ्या नमुन्यातही (तुलनेसाठी पुडी न टाकता ठेवलेलं तेच पाणी) कंपनीची आम्लाची पुडी टाका. नाहीतर आम्लात विरघळलेला गढूळपणा फक्त एकाच कुपीतून कमी होतो आणि फरक चुकतो.

खरा घोळ बाटली भरतानाच होतो. धातू तपासायच्या नमुन्यात टिकवण्यासाठी म्हणून सरसकट नायट्रिक आम्ल घालतात. आम्लात सेंद्रिय पदार्थ हेक्स क्रोमचं त्रिसंयुजी करून टाकतात आणि आकडा फसवा कमी येतो. दोन बाटल्या घ्याच. एकूण क्रोमियमची आम्ल घालून सामू २च्या खाली आणलेली. हेक्सची आम्लाविना, जागेवरच ०.४५ मायक्रॉनमधून गाळून, बर्फात ठेवून २४ तासांत तपासलेली. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे ढोबळमानाने त्रिसंयुजी.

खारफुटीच्या काळ्या चिखलालगतच्या पाण्यात सल्फाइड असतं, तेही हेक्स क्रोम खातं. म्हणून नमुन्याच्या दुसऱ्या भागात लिटरला ०.१ मिलिग्रॅम होईल इतकं हेक्स क्रोम मुद्दाम घालून बघा. वाढ ०.०८ पेक्षा कमी दिसली, तर त्या पाण्यावर पुडीचा आकडा लिहूच नका.

खाडीच्या पाण्यातलं एकूण क्रोमियम प्रयोगशाळेकडेच सोपवा. तापवून परमँगनेटने ऑक्सिडीकरण करण्याची जुनी रीत तिथे क्लोराइडमुळे अडते. आयसीपी-एमएसवरही (वस्तुमानावरून धातू मोजणारं यंत्र) क्लोरीन, ऑक्सिजन, हायड्रोजन मिळून वस्तुमान ५२ भरतं, नेमकं क्रोमियमचंच. अहवाल घेताना हीलियमची कोलिजन सेल (असे जोड-आयन अडवणारा यंत्राचा भाग) चालू होती का, हे विचारून घ्या.