नागोया की कानाझावा? तोक्यो-क्योतोच्या मधला मुक्काम

जपानच्या पहिल्या सहलीत तोक्यो आणि क्योतो ठरलेलं असतं. मधल्या दोन रात्रींसाठी नागोया घ्यायचं की कानाझावा, यावर घराघरांत वाद होतात. माझं मत आधीच सांगतो: दोघंच जाणार असाल तर कानाझावा, शाळकरी मुलं बरोबर असतील तर नागोया.

सोयीत नागोयाचा हात कुणी धरणार नाही. तोक्योहून नोझोमी शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, साधारण १ तास ४० मिनिटं, तिथून क्योतो पाऊण तासाच्या आत. कानाझावाला तोक्योहून अडीच तास लागतात. शिवाय मार्च २०२४ मध्ये शिनकानसेन त्सुरुगापर्यंत गेल्यापासून क्योतोकडे जाताना तिथे गाडी बदलावी लागते. बॅगा जड असतील तर हे जाणवतं. शिराकावा-गो गावातली गवती छपरांची घरं बघायची असतील तर मात्र कानाझावाहून बसने सव्वा तासात पोचता. नागोयाहून जवळजवळ तीन तास मोडतात.

जुनं जपान हवं असेल तर फार विचार करू नका. दुसऱ्या महायुद्धात कानाझावा बॉम्बहल्ल्यांतून वाचलं, म्हणून सामुराईंच्या वस्तीतल्या मातीच्या भिंती आणि हिगाशी चाया या भागातली लाकडी चहाघरं टिकली. केनरोकुएन बाग तर आहेच. नागोयाच्या किल्ल्याचा मुख्य बुरूज १९४५ मध्ये जळाला, १९५९ मध्ये काँक्रीटचा उभा राहिला आणि २०१८ पासून आत सोडत नाहीत. शेजारचा नव्याने बांधलेला लाकडी महाल तेवढा बघाच.

नागोयाची खरी मजा यंत्रांत आहे. टोयोटाची सुरुवात मोटारींची नव्हे, मागांची. त्यांच्या संग्रहालयात, जुन्या गिरणीच्या विटांच्या इमारतीत, १९२४ चा स्वयंचलित माग चालवून दाखवतात. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपत आलं की माग न थांबता नवा धोटा आत येतो. ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटला की माग आपसूक थांबतो. इचलकरंजीच्या माणसाला तिथून हलवणं कठीण! मुलांसाठी बंदराकडे रेल्वेचं संग्रहालय आहे, आणि धक्क्यावर अंटार्क्टिकाला जाऊन आलेलं ‘फुजी’ जहाज.

शाकाहाऱ्यांची दोन्हीकडे पंचाईतच, कारण रश्शात माशाचा अर्क असतोच. नागोयात निदान सकाळचा प्रश्न सुटतो: अनेक कॉफीच्या दुकानांत कॉफीच्याच पैशात टोस्ट मिळतो, आणि लोणी-टोस्टवर पुरणासारखा गोड लाल चवळीचा लगदा लावलेला ओगुरा टोस्ट पोटभरीचा होतो.