बोन कंडक्शन हेडफोन: पावसाळाभराचा वापर आणि त्यातली एक जंगी सर्दी

घेतले होते सकाळी टेकडीवर फिरताना घालायला. कानात काही न खुपसता कानापुढच्या हाडावर टेकतात, त्यामुळे मागून येणारी दुचाकी, अंगावर येणारी कुत्री सगळं ऐकू येतं. त्या कामाला उत्तम. पावसात भिजले, घामाने चिंब झाले, तरी ठणठणीत आहेत. गाण्यासाठी मात्र माझं मत वाईटच होतं. डग्गा जवळजवळ गायब, आवाज वाढवला की गालाला गुदगुल्या, आणि शेजारून बस गेली की गाणं संपलं.

मग ऐन श्रावणात सर्दीने धरलं. ताप उतरला, पण नाक चोंदलेलं आणि दोन्ही कानांना दडे. मिक्सर नको, टीव्ही नको, ‘आता कसं वाटतंय?’ हे तर मुळीच नको. घरात सगळ्यांवर खेकसत होतो. गाण्याने तरी बरं वाटेल म्हणून नेहमीचे इअरबड घातले, तर गाणं गोधडीखालून आल्यासारखं आणि स्वतःचं गिळणं-खोकणं मात्र डोक्यात घुमतंय. नॉइज कॅन्सलिंग चालू केल्यावर दडे आणखी घट्ट झाल्यासारखे वाटले.

त्या तिरमिरीतच हे हाडावरचे लावले. तानपुरा लख्ख! कारण सरळ आहे. नाकामागून मधल्या कानात जाणारी युस्टेशियन नळी सर्दीत सुजून बंद होते, आतला दाब घटतो, पडदा आत ओढला जातो आणि नीट थरथरत नाही. हाडातली कंपनं पडद्याला वळसा घालून थेट आतल्या कानात पोचतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर कपाळावर ट्यूनिंग फोर्क टेकवतात ते याच तत्त्वावर: असा एकच कान दडला असेल तर आवाज त्याच बाजूला मोठा वाटतो.

चिडलेल्या माणसाने ऐकायचं काय? माझ्यापुरतं उत्तर विलंबित ख्याल. द्रुत ताना सुरू झाल्या की कोणीतरी भांडतंय असं वाटायचं, आणि गोड भावगीतांनी तर डोकंच फिरायचं. कुमार गंधर्व देवासला क्षयाने वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळले होते, त्या काळात त्यांनी माळव्याची लोकगीतं मन लावून ऐकली. इथे आम्हाला नुसत्या सर्दीत शेजाऱ्यांची डोअरबेल सोसवत नाही.

आजाऱ्याच्या दृष्टीने मोठा दोष एकच, पण तो रोज छळतो. उशीवर डोकं टेकलं की मानेमागची कडक पट्टी टोचते आणि अख्खा हेडफोन पुढे सरकतो. म्हणजे ज्याला पडून राहायचंय त्याने ताठ बसून ऐकायचं. कुशीवर झोपणाऱ्यांनी तर नादच सोडावा.

दडे सुटल्यावर घरात पुन्हा इअरबड, टेकडीवर हे. कान ठणकत असेल किंवा वाहत असेल तर मात्र दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. पाचपैकी साडेतीन, मागची पट्टी मऊ केली तर चार देईन.