घराचा विमा: चारकोपचं रो-हाउस आणि बोरिवलीचा फ्लॅट

दादाने चारकोपला रो-हाउस घेतलं. कर्जाच्या कागदांबरोबर बँकेतल्या माणसाने विम्याचा फॉर्म पुढे सरकवला, तेव्हा दादाने तिथूनच मला फोन लावला. "अगं, दहा वर्षांचे बारा हजार म्हणतोय. कर्जातच टाकतो म्हणाला. करू का सही?" मी म्हटलं, आज नको, फॉर्म घरी घेऊन ये. मग दोन रविवार आम्ही त्याचं घर आणि आमचा बोरिवलीचा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट शेजारी शेजारी मांडून हिशेब केला. ज्यांना हा निर्णय घ्यायचाय त्यांच्यासाठी तो इथे मांडते.

पहिली अडचण रकमेची. दादाच्या घराची बाजारातली किंमत १ कोटी १० लाख. बँकेच्या फॉर्मवर विम्याची रक्कम होती २५ लाख, कारण कर्ज तेवढं होतं. या दोन्ही आकड्यांचा विम्याशी संबंध नाही. घर आगीत किंवा भूकंपात गेलं तरी जमीन जागेवरच राहते. कंपनी पैसे देते ते इमारत पुन्हा बांधायचे. म्हणून चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) गुणिले आजचा बांधकामाचा दर, एवढाच हिशेब. दादाचं तळमजला अधिक एक धरून ६०० चौरस फूट आहे. आम्ही बांधकामाचा दर २,५०० रुपये धरला, म्हणजे १५ लाख. आमचा फ्लॅट ४५० चौरस फूट, म्हणजे सव्वाअकरा लाख. दर आपापल्या भागातल्या कंत्राटदाराला विचारून धरा, अंदाजाने कमी लावू नका.

विम्याचा हप्ता रकमेच्या दर हजारी मोजतात. दादाला मिळालेला दर हजाराला ४० पैसे होता (कंपनीगणिक आणि घरागणिक तो बदलतो). त्या दराने १५ लाखांचे वर्षाला ६०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ७०८. आमचे ५३१. बँकेच्या फॉर्मवर २५ लाखांचे दहा वर्षांचे, जीएसटी धरून, ११,८०० होत होते. तेच ते बारा हजार. रक्कम जास्त लिहिली म्हणून दाव्यात जास्त मिळत नाही, हप्ता मात्र जास्त जातो. आणि ते कर्जात मिळवले असते तर साडेआठ टक्क्यांनी, वीस वर्षांच्या मुदतीत, कर्जाचा हप्ता महिन्याला १०४ रुपयांनी वाढून शेवटी सुमारे २५,००० भरले असते.

त्याच गठ्ठ्यात दुसरा एक कागद होता, कर्जदाराच्या आयुर्विम्याचा. दादा तो घराचाच विमा समजत होता. कर्ज फेडणाऱ्याचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं कर्ज फिटावं यासाठी तो असतो. भिंत पडली तर त्यातून एक रुपया मिळत नाही. तो घ्यायचा की नाही हा वेगळा विचार, पण दोन्हींवर एकाच दमात सही करू नका. आणि बँक घराचा विमा मागू शकते, पण तो बँक सांगेल त्याच कंपनीचा असावा अशी सक्ती नाही.

आता सोसायटी. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावलीप्रमाणे) सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंपाचा विमा उतरवायचा असतो आणि त्याचा खर्च सभासदांकडून बांधीव क्षेत्राच्या प्रमाणात घ्यायचा असतो. मी सेक्रेटरींकडून आमच्या पॉलिसीची प्रत मागून घेतली. इमारतीचा सांगाडा, जिना, लिफ्ट, टाकी सगळं त्यात आहे. माझं कपाट, फ्रीज, गाद्या यांचा उल्लेखही नाही. दादाकडे तर तेवढंही नाही. चारकोप-गोराईचे प्लॉट ऐंशीच्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने पाडले, त्यावर ज्याने त्याने आपापलं घर बांधलं. दादाच्या सोसायटीत विमाही ज्याचा त्याने बघायचा. म्हणून त्याला इमारत आणि सामान दोन्हींचा विमा लागणारच होता. वरचा मजला मागाहून चढवलेला असेल तर फॉर्मवर तसं खरं लिहा, परवानगीचे कागद जोडा. लपवलेल्या गोष्टीवरच दाव्याच्या वेळी बोट ठेवलं जातं.

पॉलिसी कुठली, हे ठरवताना आम्ही दोन प्रकार समोर ठेवले. एक 'भारत गृह रक्षा'. विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून आणलेली ही प्रमाणित पॉलिसी. कंपनी कुठलीही असो, मूळ अटी त्याच. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं हे सगळं त्यात येतं. इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामान यादी न देता आपोआप धरलं जातं. दादाला ते ३ लाख आले, त्याने यादी देऊन ६ लाख करून घेतले. अनेक वर्षांची पॉलिसी घेतली तर विम्याची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, मूळ रकमेच्या दुपटीपर्यंत. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती अट: विमा कमी रकमेचा उतरवला म्हणून दावा प्रमाणात कापत नाहीत. जुन्या पद्धतीच्या पॉलिसीत ८ लाखांच्या सामानाचा ४ लाखांचा विमा असेल आणि १ लाखाचं नुकसान झालं, तर हातात ५० हजारच येतात. इथे तसं नाही.

पण यात घरफोडी नाही. आग किंवा पुरासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात. दुसरा प्रकार म्हणजे कंपन्यांच्या पॅकेज पॉलिसी: घरफोडी, टीव्ही-फ्रीजचा बिघाड, दागिने असे भाग निवडून जोडायचे. हप्ता चढतो, आणि इथे प्रत्येक ओळ वाचावी लागते. जुन्या वस्तूंवर घसारा (वापरामुळे उतरलेली किंमत) कापतात का? घर महिनाभर बंद असेल तर घरफोडीचं संरक्षण चालू राहतं का? मे महिन्यात गावी जाणाऱ्यांनी हे नक्की विचारावं. कुलूप तोडल्याची खूण नसेल, किंवा कामाच्या माणसाने काही नेलं असेल, तर अनेक पॉलिसी पैसे देत नाहीत.

दागिन्यांचं थोडक्यात. गृह रक्षेत ते वेगळे जोडावे लागतात. एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही. आज एक पाटलीच लाखावर जाते, त्यामुळे ही सवलत फार कामाची राहिलेली नाही. वहिनीचे दागिने लॉकरमध्येच असतात, आम्ही तो भाग सोडला.

पाण्याबद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण मुंबईत खरा प्रश्न तो आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा उपनगरांतल्या तळमजल्यांवरच्या घरांची काय दशा झाली हे आपण पाहिलंय. दादाचा तळमजला रस्त्यापासून दोन पायऱ्या वर आहे. त्याच्यासाठी पुराचं संरक्षण पहिलं, बाकी सगळं नंतर. चौथ्या मजल्यावर पूर येत नाही, तरी आमच्याकडे पाणी आलं. दोन वर्षांपूर्वी दुपारी वरच्या घरातला वॉशिंग मशीनचा पाइप फुटला आणि पंख्याच्या हुकातून धार लागली. टीव्ही गेला, कपाटाचं प्लाय फुगून दार लागेना. नुकसान तपासायला विमा कंपनीचे सर्व्हेअर आले, त्यांनी टीव्ही उलटा करून मागच्या नंबराचा फोटो घेतला, बिल मागितलं. ते मेलमध्ये सापडलं. कपाटाचं बिल नव्हतं, सुताराला यूपीआयने दिलेल्या पैशांची नोंद दाखवली, ती चालली. मग मी न्हाणीघराच्या बाजूची पोपडे आलेली भिंतही दाखवली. त्यांनी बोटाने पोपडा काढून पाहिला, म्हणाले, "मॅडम, ही ओल जुनी आहे." ती रक्कम यादीतून गेली. पाइप फुटला तर पैसे मिळतात, वर्षानुवर्षं झिरपणाऱ्या गळतीचे नाहीत. गच्ची गळते म्हणून विमा घेत असाल तर ते पैसे वॉटरप्रूफिंगला लावा.

असंच विजेचं. शॉर्ट सर्किटने फ्रीज जळला तर गृह रक्षेत फ्रीजचे पैसे नाहीत; त्या आगीने स्वयंपाकघर जळलं तर स्वयंपाकघराचे मिळतात. नुसत्या फ्रीजसाठी बिघाडाचा वेगळा भाग घ्यायचा की नाही हे त्याच्या वयावरून ठरवा. मी दहा वर्षांच्या फ्रीजसाठी घेतला नाही.

भाड्याने राहणाऱ्यांनी फक्त सामानाचा विमा बघावा, भिंती मालकाच्या आहेत. स्वतःच्या फ्लॅटमध्ये सोसायटीची पॉलिसी भक्कम असेल तर तेवढंच पुरेल असं कुणी म्हणेल. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून दुप्पट मिळत नाहीत, हेही खरं. पण सोसायटीने विम्याची रक्कम किती जुन्या दराने धरली आहे यावर आपला ताबा नसतो, आणि फरशी, ओटा, बसवलेली कपाटं आपण आपल्या पैशाने केलेली असतात. वर्षाला ५३१ रुपये वाचवायला मला ती जोखीम घ्यायची नव्हती. आमच्या मजल्यावर दोन वर्षांत दोन घरफोड्या झाल्या, म्हणून सामानासाठी घरफोडीसह वेगळी पॉलिसीही घेतली.

दादाने गृह रक्षाच घेतली, स्वतः, दहा वर्षांसाठी, १५ लाखांची, सामान ६ लाखांचं, कर्जात न मिळवता. बँकेचं नाव पॉलिसीवर चढवून प्रत दिली, त्यांनी ती ठेवून घेतली. वहिनीने त्याच संध्याकाळी मोबाइल हातात घेऊन प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढला, कपाटं उघडून, मिक्सरच्या खालचा नंबरसुद्धा, आणि तो मला पाठवून ठेवला.