लक्षद्वीप हनिमून क्रूझ: आठ महिन्यांनंतर लिहितेय

आमचं लग्न एप्रिलच्या शेवटी झालं आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मुंबई-लक्षद्वीप-मुंबई अशी चार रात्रींची क्रूझ केली. आल्या आल्या लिहिणार होते पण तेव्हा नुसत्या रागात लिहिलं गेलं असतं, आणि पैशांचं प्रकरण पण लटकलेलं होतं, ते आत्ता कुठे संपलंय. कंपनीचं आणि एजंटचं नाव लिहीत नाही. पण मे महिन्यात असं बुकिंग करायचा विचार करताय तर हे आधी वाचा.

मुख्य गोष्ट पहिली. आम्ही लक्षद्वीपला उतरलोच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटासमोर उभं राहिलं. ही बेटं प्रवाळाची आहेत, बेटाभोवती खडकाची कड आणि आत उथळ पाण्याचं लगून, त्यामुळे एवढं मोठं जहाज आत जाऊच शकत नाही, बाहेर उभं राहतं आणि माणसांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. हे मला बुकिंग करताना माहीतच नव्हतं, मला वाटलेलं गोव्यासारखा धक्का असेल, पायऱ्या उतरायच्या आणि चालायला लागायचं. नवऱ्याचे आजोबा भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने कोकणात जायचे, ते लग्नाच्या आधी सांगत होते की त्यांच्या बंदरात पण आगबोट लांब उभी राहायची, माणसांना न्यायला पडाव, म्हणजे छोटी होडी, यायचा आणि समुद्र खवळलेला असला की पडावात उतरताना बायामाणसं रडायची. तेव्हा आम्ही ऐकून सोडून दिलं. अगत्तीसमोर मला तेच आठवत होतं.

आकाश एकदम स्वच्छ होतं हो. वारा जवळजवळ नाही. आणि तरी लाटा इतक्या लांब आणि उंच की खालच्या दारापाशी आणलेली बोट एकदा आपल्या पायाच्या खाली जायची आणि एकदा छातीपर्यंत वर यायची. दोन तास वाट बघून कॅप्टनने अनाउन्समेंट केली की उतरता येणार नाही. लोक भयंकर चिडले, ऊन पडलंय, वादळ नाही, मग काय प्रॉब्लेम आहे म्हणून रिसेप्शनवर आरडाओरडा. घरी आल्यावर मी याबद्दल वाचलं. एप्रिल-मेमध्ये दक्षिणेकडे, हिंदी महासागराच्या पार खालच्या भागात, वादळं होतात आणि तिथल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून काही दिवसांनी केरळ-लक्षद्वीपला येऊन धडकतात, इथे वारा नसला तरी. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था त्याचे इशारे पण देते. त्यामुळे कॅप्टनबद्दल माझी काहीच तक्रार नाही, त्याने बरोबर केलं, त्या बोटीत म्हाताऱ्या माणसांना उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ होता.

माझी तक्रार विकणाऱ्यांबद्दल आहे. मेमध्ये असं होऊ शकतं हे ज्यांचा धंदाच समुद्रावर आहे त्यांना माहीत नसतं का? मी एजंटला दोनदा विचारलं होतं, मे म्हणजे पावसाच्या तोंडावर, चालेल ना? तो म्हणाला मॅडम बिनधास्त या, पाऊस जूनमध्ये. पावसाचं बरोबर सांगितलं त्याने. लाटांचं सांगितलंच नाही.

आता जहाजावरचं. बॅलार्ड पियरला दुपारी बारापासून लाइन, लग्नाची मेंदी अजून हातावर, सामानाला टॅग, चेकिंग, केबिनमध्ये पोचायला साडेतीन. केबिन छान होती, स्वच्छ, खिडकीवाली घेतली होती. पण पार पुढच्या टोकाला. कोणीतरी हे आधी सांगायला पाहिजे होतं की जहाज पुढेमागे डुलतं तेव्हा टोकाला सगळ्यात जास्त हलतं, मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी. दुसऱ्या रात्रीपासून मला उलट्या सुरू झाल्या त्या तिसऱ्या दिवशी जहाज उभं होतं तेव्हा तर अजून वाढल्या. उलटीची गोळी घेतली की झोप, नाही घेतली की उलटी, असे माझ्या हनिमूनचे दोन दिवस गेले. नवरा बिचारा बादली आणि टॉवेल घेऊन बसला होता. आमचं ठरवून झालेलं लग्न, चार महिन्यांची ओळख, आणि त्याच्यासमोर मी अशी. रात्री मी खूप रडले, तो काही बोलला नाही, नुसता पाठीवरून हात फिरवत राहिला.

त्याच ट्रिपला कुठल्या तरी कंपनीची डीलर मीट होती. शेकडो माणसं, सगळी एकाच ग्रुपची. स्विमिंग पूल त्यांचा, बुफेची लाइन त्यांची, वरच्या डेकवर रात्री एक-दीडपर्यंत डीजे. आम्हाला वाटलेलं की रात्री डेकवर दोघंच बसू, तारे बघू. पॅकेजमधलं कँडल लाइट डिनर त्याच हॉलच्या कोपऱ्यात, एका टेबलावर बॅटरीची मेणबत्ती. आगीच्या भीतीने खरी लावत नाहीत ते ठीकच आहे, पण मागे माइकवर बक्षीस वाटप चालू होतं, एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. यात जहाजावरच्या मुलांचा काही दोष नाही. आमची केबिन बघणारा मुलगा रत्नागिरीकडचा होता, मी मराठीत बोलले तसा एकदम खुलला, न मागता लिंबू, आल्याचे तुकडे आणि कोरडी बिस्किटं आणून दिली आणि म्हणाला, ताई झोपून राहू नका, मधल्या डेकवर जाऊन क्षितिजाकडे बघत बसा. खरंच बरं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी तिथेच बसलो होतो तर पाण्यातून उडणारे मासे निघाले, चिमण्यांसारखे, पाण्याला लागून सरळ उडत गेले. आम्ही दोघंच उठलेलो. पूर्ण ट्रिपमधलं आमचं स्वतःचं असं तेवढंच.

पैसे. दोघांचे सगळे मिळून 1 लाख 18 हजार गेले, बेटावरच्या सहलीचे वेगळे भरलेले पैसे त्यातच आले. बेट रद्द झाल्यावर जहाजावर तोंडी सांगितलं की पंधरा दिवसांत परत मिळतील. मग मेल, फोन, एजंट म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एजंटकडून या. नोव्हेंबरमध्ये फक्त सहलीचे आणि बंदराचे चार्जेस आले, 14 हजारच्या आसपास. वर एक डिस्काउंट कूपन, जे डिसेंबरअखेर वापरायचं होतं. डिसेंबरमध्ये नव्या नोकरीत मला सुट्टी कुठली मिळणार, ते गेलं. अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की हवामानामुळे बंदर रद्द झालं तर क्रूझचं भाडं परत नाही. बारीक अक्षरात, इंग्रजीत, अकराव्या पानावर. मी सही केलेली आहे, त्यामुळे कायद्याने ते बरोबर असतील. पण ब्रोशरच्या पहिल्या पानावर अख्खं निळं लगून छापता ना, मग तिथेच एक ओळ लिहा की उतरता येईलच असं नाही.

तरीही जायचंच असेल तर डिसेंबर ते मार्च बघा, मधल्या भागातली केबिन मागून घ्या, आणि त्या तारखेला कुठला मोठा ग्रुप आहे का हे लेखी विचारा.

आम्ही आता कोचीहून विमानाने अगत्तीला जायचं बघतोय, फेब्रुवारीत, जमलं तर. लक्षद्वीपला आपल्याला पण परमिट लागतं, मागचं त्या तारखांपुरतंच होतं, नवीन काढायचंय. काल नवऱ्याने फोटो काढून आणले.