मेनूत ‘एनेबल्ड’, प्रत्यक्षात बंद: सिक्युअर बूट वापरून काही महिने

बायोसमध्ये जा, सिक्युअर बूट ‘एनेबल्ड’ करा, सेव्ह करून बाहेर या. सल्ला देणारे बहुधा इथेच थांबतात. (सिक्युअर बूट म्हणजे मशीन सुरू होताना लोड होणाऱ्या प्रोग्रामवर मान्य डिजिटल सही आहे का ते तपासणारी सोय; ती बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जच्या मेनूत असते.) विंडोज ११ साठी किंवा एखाद्या गेमच्या अँटी-चीटसाठी (लबाडी रोखणाऱ्या प्रोग्रामसाठी) हा पर्याय पहिल्यांदा उघडणाऱ्याला मात्र वेगळंच काही दिसतं. पर्याय फिकट पडलेला असतो आणि निवडताच येत नाही. किंवा निवडता येतो, पण विंडोज ‘ऑफ’ म्हणत राहतं. किंवा मशीन सुरूच होत नाही.

गेले काही महिने मी डेस्कटॉप सिक्युअर बूट कायम चालू ठेवून वापरतोय. एका डिस्कवर विंडोज ११, दुसरीवर उबुंटू (लिनक्स), एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड, आणि विंडोजची डिस्क मुळात जुन्या लेगसी पद्धतीने तयार झालेली. थोडक्यात, अडचण यायला लागणारं सगळं साहित्य हाताशी होतं.

मत आधीच सांगून टाकतो. सिक्युअर बूट चालू ठेवावं. त्याने मशीन मंदावत नाही, गेमचा वेग घटत नाही. सुरुवातीला जे प्रोग्राम लोड होतात त्यांच्या सह्या तपासल्या की त्याचं काम संपतं. पण फर्मवेअरचा (मदरबोर्डमधल्या मूळ सॉफ्टवेअरचा) मेनू ते ज्या तऱ्हेने मांडतो ती तऱ्हा भिकार आहे. मेनूत तो साधा चालू-बंद पर्याय दिसतो. प्रत्यक्षात चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात: विंडोज यूईएफआय (जुन्या बायोसची जागा घेणाऱ्या) पद्धतीने सुरू होणारं हवं, सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करू देणारा भाग) बंद हवं, फर्मवेअरमध्ये कीज (सह्या तपासण्याच्या किल्ल्या) बसवलेल्या हव्यात, आणि सिस्टिम मोड ‘सेटअप’ नव्हे तर ‘युजर’ हवा. यातलं एखादं हुकलं तर कुठलं हुकलं ते मेनू सांगत नाही.

म्हणून निदान मेनूतून नव्हे, विंडोजमधून सुरू करायचं. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा आणि दोन ओळी बघा: ‘बायोस मोड’ आणि ‘सिक्युअर बूट स्टेट’. पहिल्या ओळीत ‘लेगसी’ असेल तर दुसरीकडे बघायचीही गरज नाही, आधी तेच सोडवावं लागेल. पहिलीत ‘यूईएफआय’ आणि दुसरीत ‘ऑफ’ असेल तर गाठ फर्मवेअरमध्ये आहे. पुढची सगळी वाट या दोन ओळींवरून ठरते. मी आजही काही बदललं की मेनूवर विश्वास न ठेवता आधी इथेच येतो.

माझी पहिली गाठ ‘लेगसी’ची होती. सीएसएम म्हणजे जुन्या बायोसची नक्कल करणारा फर्मवेअरचा भाग. तो चालू असेपर्यंत सिक्युअर बूट चालत नाही, आणि पर्याय फिकट पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच. पण तो नुसता बंद केला आणि विंडोजची डिस्क एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवण्याच्या जुन्या) पद्धतीची असली, तर फर्मवेअरला ती डिस्क सुरू करण्यायोग्य वाटतच नाही. पुन्हा विंडोज टाकायचा सल्ला इथे सर्रास मिळतो, तो मानू नका. २०१७च्या विंडोज १० आवृत्तीपासून एमबीआर-टू-जीपीटी नावाचं, एमबीआर डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करणारं साधन विंडोजमध्येच आहे. आधी त्याचा ‘व्हॅलिडेट’ चालवायचा, तो पास झाला तरच ‘कन्व्हर्ट’. डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन्स असतील किंवा एक्स्टेंडेड पार्टिशन असेल तर तो नकार देतो. माझी डिस्क पास झाली, फायली जागच्या जागी राहिल्या. तरी बॅकअप घेतल्याशिवाय पार्टिशन टेबलला हात लावू नये, हे वेगळं सांगायला नको. रूपांतर झालं की लगेच फर्मवेअरमध्ये जाऊन सीएसएम बंद करायचं, कारण ती डिस्क आता जुन्या पद्धतीने सुरू होणार नाही.

सीएसएम बंद करण्याआधी ग्राफिक्स कार्डाचं वय बघा. बऱ्याच जुन्या कार्डांच्या फर्मवेअरमध्ये यूईएफआयसाठी लागणारा जीओपी हा भाग नसतो. अशा कार्डावर सीएसएम गेलं की सुरुवातीचा पडदा काळा. प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावून आत जाता येतं. नसेल तर सीमॉस रीसेट करण्यावाचून, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणण्यावाचून मार्ग नाही.

आणखी एक छोटी गोष्ट: काही बोर्डांवर सीएसएम बंद करून सेव्ह केलं आणि पुन्हा आत आलं तरच सिक्युअर बूटचा मेनू उघडतो. एकाच फेरीत दोन्ही करायला गेलं की पर्याय फिकटच दिसतो. काही लॅपटॉपवर तर आधी बायोसचा सुपरवायझर पासवर्ड ठेवल्याशिवाय हात लावू देत नाहीत. काही मदरबोर्डांवर ‘सिक्युअर बूट’ असा थेट पर्यायच नसतो, तिथे ‘ओएस टाइप’ असतं आणि ‘अदर ओएस’च्या जागी ‘विंडोज यूईएफआय मोड’ निवडावं लागतं. प्रत्येक कंपनीने एकाच गोष्टीला वेगळं नाव देण्याचा चंग बांधलाय.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती जागा. माझ्या बोर्डावर सिक्युअर बूट ‘एनेबल्ड’ आणि त्याच्याच शेजारी ‘नॉट ॲक्टिव्ह’. दोन्ही एकाच वेळी. आधी हा बग वाटतो, पण तो बग नसतो. फर्मवेअरमध्ये सह्या तपासण्यासाठी कीजची उतरंड असते. सगळ्यात वर प्लॅटफॉर्म की, म्हणजे या मशीनचा मालक कोण ते ठरवणारी. तिच्याखाली केईके, जिच्या जोरावर खालच्या याद्या बदलता येतात. आणि खाली दोन याद्या: डीबीमध्ये परवानगी असलेल्या सह्या, डीबीएक्समध्ये बंदी घातलेल्या. प्लॅटफॉर्म की बसवलेली नसेल तर मशीन ‘सेटअप मोड’मध्ये असतं, आणि त्या मोडमध्ये काहीच तपासलं जात नाही. तुम्ही ‘एनेबल्ड’ लिहिलेलं असतं, पण तपासायला कीच नसते.

उपाय असा: ‘सिक्युअर बूट मोड’ ‘स्टँडर्ड’वरून ‘कस्टम’ करा, ‘की मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’ निवडा, सेव्ह करून रिस्टार्ट करा. काही बोर्डांवर ‘कस्टम’वरून परत ‘स्टँडर्ड’वर आलं की बोर्डच विचारतो, कंपनीच्या कीज बसवू का, तिथे ‘येस’ म्हणायचं. सिस्टिम मोड ‘युजर’ झाला की ‘ॲक्टिव्ह’ दिसतं. त्याच मेनूत ‘डिलीट ऑल कीज’ किंवा ‘रीसेट टू सेटअप मोड’ही शेजारीच असतं आणि त्याचा परिणाम नेमका उलटा होतो, तेव्हा घाईत एंटर दाबू नका.

कस्टम मोडमध्येच ‘इमेज एक्झिक्युशन पॉलिसी’ (सही न जुळणाऱ्या प्रोग्रामचं काय करायचं ते ठरवणारं सेटिंग) दिसली तर तीही बघून ठेवा. ‘ऑलवेज एक्झिक्युट’ असेल तर सिक्युअर बूट म्हणजे वहीत नाव लिहून घेणारा पण कुणालाच न अडवणारा पहारेकरी. २०२३च्या जानेवारीत एमएसआयच्या बऱ्याच मदरबोर्डांवर हेच मूळ सेटिंग असल्याचं उघड झालं होतं. नंतर कंपनीने नव्या फर्मवेअरमध्ये ते बदललं. विंडोज मात्र अशा बोर्डावरही ‘ऑन’च दाखवतं. विंडोजला विचारा असं मी वर म्हटलं, त्याला हा एक अपवाद.

वरचं काहीही करण्याआधी बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं एन्क्रिप्शन! ज्यांनी तो कधी मुद्दाम चालू केला नाही त्यांच्याही लॅपटॉपवर ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने तो चालू असू शकतो. सिक्युअर बूटची स्थिती टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये मोजून ठेवलेली असते. ती बदलली की पुढच्या वेळी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ही की बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, पण ते खातं उघडायला दुसरं उपकरण लागतं. माझा क्रम ठरलेला आहे: की कागदावर लिहायची, बिटलॉकर ‘सस्पेंड’ करायचा, मगच फर्मवेअरमध्ये शिरायचं. विंडोजमध्ये ‘रिकव्हरी’मधून ‘यूईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज’ निवडलं की मशीन थेट तिथेच उघडतं. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ बडवत बसावं लागत नाही. फास्ट बूट चालू असलेल्या मशीनवर ते बडवणं तसंही वाया जातं.

उबुंटूची बाजू मला वाटलं होतं त्याहून सोपी निघाली. त्याचा शिम नावाचा छोटा बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टने सही केलेला असतो, त्यामुळे इन्स्टॉलेशन सिक्युअर बूट बंद न करता झालं. गुंता एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा. तो आपल्या मशीनवर तयार होतो तेव्हा त्यावर सही आपल्याच मशीनची लागते, आणि ती सही मान्य आहे हे आपणच सांगायचं असतं. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठेवायला सांगतात. रिस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल मॉक’ (मॉक म्हणजे मशीनच्या मालकाची की) निवडून तोच पासवर्ड टाकायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. चहाला उठलात की गेला, ड्रायव्हर लोड होत नाही आणि मग दोष ड्रायव्हरच्या माथी जातो. चुकलाच तर मोकयूटिल या लिनक्सच्या कमांडने की पुन्हा इम्पोर्ट करा, पडदा परत येतो. पासवर्ड साधा ठेवा; तो एकदाच लागतो आणि तिथला कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो.

बिटलॉकर असलेलं विंडोज ग्रबच्या, म्हणजे उबुंटूसोबत येणाऱ्या सिस्टिम निवडण्याच्या मेनूतून उघडू नका. त्या वाटेने आल्यावर टीपीएममधली मोजणी वेगळी पडते आणि रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. मी विंडोज फर्मवेअरच्या बूट मेनूतूनच निवडतो.

दोन ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र नांदवणाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ लक्षात ठेवावा. विंडोजच्या त्या महिन्याच्या अपडेटने जुन्या, धोकादायक शिमवर बंदी घालणारी एसबॅट यादी बसवली. ड्युअल बूट असलेल्या मशीनना ती वगळणार होती, पण बऱ्याच मशीनवर ड्युअल बूट ओळखलंच गेलं नाही आणि लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत बंद पडू लागलं. सुटका अशी होती: सिक्युअर बूट तात्पुरतं बंद, लिनक्समध्ये जाऊन मोकयूटिलने एसबॅट धोरण पुसायचं, लिनक्स अद्ययावत करायचं, मग सिक्युअर बूट परत चालू. तेव्हापासून अनेकांनी ते कायमचं बंद करून टाकलं. मला ते पटत नाही. ब्लॅकलोटस हे मालवेअर २०२३मध्ये ईसेट या सुरक्षा कंपनीने उलगडून दाखवलं, ते पूर्ण अद्ययावत विंडोज ११वर सिक्युअर बूट चालू असतानाही शिरत होतं, कारण सदोष जुने बूटलोडर अजून बंदीच्या यादीत गेले नव्हते. म्हणजे बंदीची यादी वाढत राहणं हाच या सगळ्याचा गाभा आहे, आणि त्या वाढीत अधूनमधून काहीतरी मोडणार हे धरून चालावं.

आता ‘रिस्टोअर फॅक्टरी कीज’कडे परत येतो, कारण या बटणाबद्दलचं माझं मत वापरादरम्यान बदललं. सध्याच्या बऱ्याच मशीनमधली मायक्रोसॉफ्टची मूळ प्रमाणपत्रं २०११ची आहेत. त्यांची मुदत जून २०२६पासून संपू लागते. विंडोजच्या बूट मॅनेजरवर सही करणाऱ्या प्रमाणपत्राची ऑक्टोबर २०२६मध्ये. मुदत संपली म्हणून मशीन बंद पडत नाही, पण बूटशी संबंधित नव्या सुरक्षा दुरुस्त्या मिळणं थांबतं. म्हणून अपडेटमधून २०२३ची नवी प्रमाणपत्रं डीबीमध्ये घातली जातात आणि पुढे बूट मॅनेजरही नव्या सहीचा येतो. आता कल्पना करा, मशीन त्या टप्प्यावर पोचलंय आणि तुम्ही जुन्या फर्मवेअरवर फॅक्टरी कीज परत आणल्या. कंपनीच्या त्या मूळ यादीत २०२३चं प्रमाणपत्र नसेल तर ते डीबीमधून उडालं, आणि विंडोजचा नवा बूट मॅनेजर नापास. सुरुवातीला ज्या बटणाने काम झालं, तेच इथे मशीन अडवतं. यावर मायक्रोसॉफ्टने सिक्युअर बूट रिकव्हरी नावाची छोटी फाइल दिलेली आहे, ती पेनड्राइव्हवरून चालवून प्रमाणपत्र परत बसवता येतं. त्याहून बरं म्हणजे मदरबोर्डचं फर्मवेअर अद्ययावत ठेवणं, म्हणजे फॅक्टरीच्या यादीतच नवी प्रमाणपत्रं येतात. मी आता हे बटण दाबण्याआधी डीबीमध्ये ‘विंडोज यूईएफआय सीए २०२३’ हे नाव आहे का ते पॉवरशेलमधून (विंडोजच्या कमांड-खिडकीतून) बघतो.

फर्मवेअर अद्ययावत करण्याची किंमत अशी की बहुतेक सेटिंग मूळपदावर जातात. काही बोर्डांवर सीएसएमही परत चालू होतं. अपडेटनंतर ‘सिस्टिम इन्फर्मेशन’मधल्या त्या दोन ओळी पुन्हा बघाव्यात. काही न करताच सेटिंग दर वेळी उडत असतील आणि घड्याळही मागे पडत असेल, तर सिक्युअर बूटला दोष देऊ नका, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी बदला.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. सिक्युअर बूट चालू असलं की उबुंटूचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) लॉकडाउनमध्ये, म्हणजे कडक निर्बंधांच्या स्थितीत जातो आणि हायबरनेट (चालू काम डिस्कवर जपून मशीन बंद करण्याची सोय) बंद होतं. डेस्कटॉपवर मी सस्पेंडवर भागवतो. ज्यांना लॅपटॉप दिवसदिवस बंद ठेवून काम तिथूनच उचलायचं असतं, त्यांना सिक्युअर बूट आणि हायबरनेट यांतलं एकच निवडावं लागेल.