राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानची मदत: पुस्तकांपेक्षा रॅक बरे

गावच्या वाचनालयाला पुस्तके, रॅक किंवा वाढीव खोली हवी असेल, तर कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे गोव्यातून अर्ज करणे फुकट जात नाही. 1972 सालची ही केंद्राची संस्था दोन वाटांनी मदत देते. समान निधीत राज्यही आपला वाटा घालते, असमान निधीत सगळे प्रतिष्ठानच देते. बालविभाग असमान निधीत बसतो. 50, 60, 75, 100, 125 किंवा 150 वर्षे झालेल्या वाचनालयांसाठीही तिथेच सोय आहे. समित्यांना ती आठवते वर्धापनदिनाचा मांडव उतरल्यावर!

पुस्तकांना पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत. प्रतिष्ठानच्या केंद्रीय निवडीतून येणाऱ्या गठ्ठ्यात पेडणे-डिचोलीच्या वाचकाला हवी ती मराठी कादंबरी निघेलच असे नाही. रॅकबद्दल तक्रार नाही. आपल्या पावसाळ्यात लाकडी कपाट वाळवी खाते; लोखंडी रॅक भिंतीपासून वीतभर सोडून ठेवला की ओल पुस्तकांपर्यंत पोचत नाही.

अर्ज अडतो तो कागदांवर, आणि बहुधा आपल्याच. नोंदणी दाखल्यावर ‘वाचनालय’, पासबुकात ‘वाचन मंदिर’, स्वयंसेवी संस्थांची नोंद असलेल्या सरकारी दर्पण पोर्टलवर तिसरेच स्पेलिंग. आधी समितीचा ठराव करून तिन्हीकडे एकच नाव करून घ्या, मगच अर्ज भरा. खोली बांधायची तर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमीन नोंदीचा कागद) काढून बघा. तिथे कोमुनिदाद (गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) किंवा देवस्थानचे नाव असेल, तर त्यांच्याशी दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत करार हवा; तोंडी ‘बांधा खुशाल’ कोलकात्याला चालत नाही.

पैसे आल्यावर ते वेगळ्या खात्यात ठेवा. मंजुरीपत्राच्या आधीच्या तारखेचे बिल लावू नका. प्रत्येक पुस्तकाचा दाखल क्रमांक बिलावर लिहा, नाहीतर तपासणीच्या दिवशी बिल आणि दाखल नोंदवही जुळवत बसावे लागते. आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांत उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच खर्चल्याचा दाखला) द्यायचे, जीएफआर म्हणजे केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या 12-ए नमुन्यात. ते राहिले की पुढचे अनुदान अडकते. खजिनदार हटकून विसरतात ती गोष्ट म्हणजे व्याज. अनुदानावर बँकेने दिलेले व्याज वाचनालयाचे नव्हे. दोनशे रुपये असले तरी ते सरकारजमा करायचे, आणि चलनाची प्रत प्रमाणपत्राला जोडायची.